लिफ्ट केलेला पिकअप आणि आभाळात नाक वर केलेला ट्रेलर
टेक्ससला हौसेने पिकअपला ४ इंची लिफ्ट (गाडी उंच करणारा संच) बसवून घेतली, मग फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात (बेडमध्ये) अडकवायचा तो, जोडला तर त्याचं नाक वर आणि सगळा भार ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर, त्याच्या टायरला हात लावला तर चटका, पुढचे मात्र निवांत! बेडमधला हिच (ट्रेलर अडकवायचा सांधा) खाली घेतला तर बेडची कड आणि ट्रेलर यात जेमतेम ४ इंच राहिले, निदान ६ तरी हवेत, नाहीतर चढउतारावर धडकतंच. शेवटी ट्रेलरच उचलला, त्याचे स्प्रिंगचे पाटे ॲक्सलखाली होते ते वर बसवून घेतले आणि हिच परत जागेवर. मग ट्रकवाल्यांच्या काट्यावर वजन केलं, पिनवर (हिचमध्ये बसणाऱ्या ट्रेलरच्या खुंट्यावर) ट्रेलरच्या वजनाच्या साधारण २० टक्के, ते ठीक, पण पिकअपचा मागचा ॲक्सल मर्यादेच्या अगदी काठावर. लिफ्टने ताकद वाढत नाही हो, बायको आधीच म्हणाली होती. आता ट्रेलरमधली पाण्याची टाकी रिकामी करूनच निघतो.