रक्तगटांवरून अ‍ॅलील फ्रिक्वेन्सी: कुठे मोजायचं आणि कुठे वर्गमूळ घ्यायचं

हार्डी-वाइनबर्गचं गणित (लोकसंख्येत अ‍ॅलील, म्हणजे जनुकाची वेगवेगळी रूपं, किती प्रमाणात आहेत त्यावरून त्यांच्या जोड्यांचं प्रमाण सांगणारा नियम) समोर आलं की बरेच जण आकडे बघताच वर्गमूळ काढत सुटतात आणि उत्तर नेमकं तिथेच चुकतं. आधी एकच गोष्ट बघा, रक्तगट कळला की माणसाचा जीनोटाइपही (त्याच्याकडची अ‍ॅलीलची जोडी) कळतो का? कळत असेल तर सरळ मोजायचं, वर्गमूळाचं कामच नाही.

एमएन रक्तगट यासाठी एकदम मस्त आहे. लँडस्टायनर आणि लेव्हिननी तो १९२७ मध्ये शोधला. यात दोन्ही अ‍ॅलील सहप्रभावी असतात, म्हणजे एकत्र असले तरी दोन्ही दिसतात, त्यामुळे काहीच लपत नाही. समजा २०० लोक तपासले, त्यात एमएम ५८, एमएन १०२ आणि एनएन ४० निघाले. जीनोटाइप फ्रिक्वेन्सी म्हणजे नुसता भागाकार, ०.२९, ०.५१ आणि ०.२०. आता अ‍ॅलील. प्रत्येकाकडे दोन म्हणजे एकूण ४००, (इथे २०० ने भागणारे खूप असतात, सांभाळा). एम किती तर ५८ × २ + १०२ = २१८, भागिले ४००, ०.५४५. एन ४० × २ + १०२ = १८२, म्हणजे ०.४५५. बेरीज १ आली पाहिजे, आली.

मग ही लोकसंख्या समतोलात आहे का, म्हणजे हार्डी-वाइनबर्गच्या नियमाने येणाऱ्या आकड्यांशी जुळते का, ते बघायचं. अपेक्षित एमएम ०.५४५ × ०.५४५ × २०० = ५९.४, एमएन २ × ०.५४५ × ०.४५५ × २०० = ९९.२, एनएन ४१.४. काय-स्क्वेअर (प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतला फरक मोजणारी संख्या) साधारण ०.१६ येतो आणि ५ टक्क्यांची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे फरक किरकोळ. डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या, मर्यादा तिच्यावरूनच ठरते) इथे १ घ्यायची, २ नाही, कारण एमची फ्रिक्वेन्सी आपण याच डेटातून काढलीये.

आता खरी मजा एबीओमध्ये, कारण ओ लपतो. ए गटाचा माणूस एए आहे की एओ हे साध्या तपासणीत कळत नाही, मग मोजणार काय? एकाच जागेवर तीन अ‍ॅलील आहेत हे फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं आणि त्याचीच युक्ती आजही शिकवतात. एची फ्रिक्वेन्सी पी, बीची क्यू, ओची आर. ओ गटाचे सगळे ओओच असतात, म्हणून ओ गटाच्या प्रमाणाचं वर्गमूळ घेतलं की आर मिळाला. पण तसंच ए गटाचं वर्गमूळ घेऊन पी काढू नका, ही चूक इतकी होते की वाईट वाटतं, ए गटात पी² सोबत २ × पी × आर पण बसलेला असतो. त्याऐवजी ए आणि ओ गट एकत्र करा, पी² + २ × पी × आर + आर², हा झाला (पी + आर) चा पूर्ण वर्ग, त्याचं वर्गमूळ पी + आर, आणि ते १ मधून वजा केलं की क्यू हातात. बी आणि ओ एकत्र करून तसाच पी काढायचा.

समजा ५०० लोकांत ए १२०, बी १९०, एबी ६०, ओ १३०. आर = √०.२६ = ०.५०९९. ए + ओ = ०.५०, वर्गमूळ ०.७०७१, क्यू = ०.२९२९. बी + ओ = ०.६४, वर्गमूळ ०.८, पी = ०.२. बेरीज १.००२८ येते. घाबरू नका, या पद्धतीत एबीचा आकडा वापरलाच जात नाही म्हणून बेरीज थोडी इकडेतिकडे होते. तिन्हींना १.००२८ ने भागा, पी ०.१९९४, क्यू ०.२९२१, आर ०.५०८५. दशांशाची चार स्थळं शेवटपर्यंत धरा, मध्येच दोनवर आणलंत तर पुढचं सगळं घसरतं.

मग या ५०० लोकांतले अपेक्षित जीनोटाइप, एए २० च्या आसपास, एओ १०१, बीबी ४३, बीओ १४९, एबी ५८, ओओ १२९. मूळ आकड्यांशी छान जुळतंय.

नमुना मात्र नीट घ्या. एकाच घरातले दहा जण घेतले तर तेच अ‍ॅलील पुन्हा पुन्हा मोजले जातात. रक्तदात्यांच्या यादीतही गडबड होऊ शकते, ज्या गटाची मागणी जास्त त्यांना वारंवार बोलावलं जातं. आणि १९५२ मध्ये नोंदवलेला बॉम्बे रक्तगट साध्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतो, पण तो इतका दुर्मिळ की आपल्या आकड्यांवर फरक जाणवत नाही.

हे सगळं हातात आलं की पुढे बरंच काढता येतं. आपल्या उदाहरणात ए गटाच्या जवळपास ८४ टक्के लोकांकडे लपलेला ओ आहे, म्हणजे आईवडील दोघं ए गटाचे असतील तर मूल ओ गटाचं व्हायची शक्यता ०.८४ × ०.८४ × ०.२५, साधारण १७ ते १८ टक्के.