शिकार मासिकांचे मुद्रितशोधन: छपाईआधी या चुका टाळा

अमेरिकेतली शिकारीची मासिके जुनी आहेत. 'स्पोर्ट्‌स अफील्ड' १८८७ साली निघाले, 'आउटडोअर लाइफ' १८९८ साली. त्यांचा वाचक बंदूक स्वतः हाताळतो, काडतुसे स्वतः भरतो, प्राणी मागच्या पायांवरून ओळखतो. अशा वाचकाला स्वल्पविराम चुकल्याचे फारसे वाटत नाही. '.३०-०६' या काडतुसाच्या नावाच्या जागी '३०.०६' छापले की मात्र त्याचे पत्र येते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खेळ म्हणून होणारी शिकार बंद झाली. तरी इंग्रजी प्रकाशनांची कामे घेणाऱ्या आपल्याकडच्या मुद्रितशोधकांपुढे आणि जुन्या शिकारकथा मराठीत आणणाऱ्यांपुढे हा मजकूर येतो. त्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: या मासिकात आधी आकडे वाचायचे, मग चित्रे पाहायची, आणि भाषा सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो, आणि जड चुका त्यातूनच निसटतात.

काडतुसांची नावे 'एकसारखी' करू नका

मुद्रितशोधकाला सगळीकडे एकच पद्धत हवी असते. काडतुसांच्या नावांत ही सवय घात करते, कारण जोडरेघेनंतरच्या आकड्याचा अर्थ प्रत्येक नावात वेगळा असतो. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ हे साल. .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे काडतुसात भरायच्या धूरविरहित दारूचे ३० ग्रेन वजन (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक). .४५-७० मधला ७० म्हणजे काळ्या दारूचे ७० ग्रेन. .२५०-३००० मधला ३००० हा गोळीचा वेग आहे, सेकंदाला फुटांमध्ये. ७ एमएम-०८ मध्ये ७ च्या आधी टिंब येत नाही, कारण ते इंचात नाही, मिलिमीटरमध्ये आहे, आणि ०८ आले .३०८ काडतुसाच्या कवचावरून. यांतले एकही नाव नियमाने तयार होत नाही. म्हणून नावांची यादी करून भिंतीवर लावावी आणि तिच्याशी ताडून पाहावे.

नावातला आकडा आणि गोळीचा खरा व्यास जुळत नाही म्हणून 'सुधारणा' करणे हीसुद्धा नेहमीची चूक. .२७० विंचेस्टरच्या गोळीचा व्यास .२७७ इंच आहे. .३८ स्पेशलचा .३५७ च्या आसपास आहे. लेखकाने बरोबर लिहिलेले असते, आणि शोधक ते बिघडवतो.

छर्ऱ्याच्या बंदुकीचे गणित आणखी निराळे. १२ गेज म्हणजे नळीच्या व्यासाचे शिशाचे १२ गोळे मिळून एक पौंड. त्यामुळे गेजचा आकडा वाढला की नळी बारीक होते. .४१० मात्र गेज नाही, तो सरळ इंचातला व्यास आहे. '४१० गेज' असे छापून आले की पत्रांचा गठ्ठा ठरलेला.

१२ आणि २० गेजच्या बाबतीत तर चित्रओळसुद्धा दोनदा वाचावी. २० गेजचे काडतूस १२ गेजच्या बंदुकीत घातले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, रिकामे दिसते, माणूस मागून १२ गेजचे काडतूस घालतो आणि बार काढतो. नळी फुटते. हा घोटाळा टळावा म्हणूनच अमेरिकेत २० गेजचे कवच पिवळे ठेवतात. चित्रात पिवळे काडतूस आणि खाली '१२ गेज' असेल तर छापखान्याला थांबवा.

दारूचे वजन: इथे एक टिंबही जीवावर बेततं

काडतुसे घरी भरण्याच्या लेखांत दारूचे वजन ग्रेनमध्ये असते. एका पौंडात ७००० ग्रेन, एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४. ग्रेनची खूण आणि ग्रॅमची खूण दिसायला जवळची, त्यामुळे मेट्रिकची सवय असलेला संपादक किंवा आपोआप एकके बदलणारे सॉफ्टवेअर ग्रेनचे ग्रॅम करून टाकते. आकडा तोच राहिला आणि एकक बदलले, तर दारू पंधरा पटींहून जास्त होते. ५.५ च्या जागी ५५ झाले तर दहा पट.

दारूच्या नावातली अक्षरे गाळणे हा तितकाच मोठा धोका. आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ यांचा आकडा एक आहे, दारू एक नाही. आयएमआरची दारू जास्त वेगाने जळते. एच ४८३१ साठी दिलेले कमाल वजन आयएमआरला लावले तर चेंबरमधला दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. मजकुरात नुसते '४८३१' दिसले की ते अपुरे समजा आणि लेखकाला विचारा. अंदाजाने अक्षरे जोडू नका.

अशी कोष्टके एकट्याने वाचू नयेत. एकाने लेखकाची मूळ प्रत हातात धरायची, दुसऱ्याने मांडणी झालेल्या प्रूफवरून मोठ्याने वाचायचे, प्रत्येक टिंब आणि जोडरेघ उच्चारून. मग स्तंभ खालून वर वाचायचा. वरून खाली वाचताना पुढचा आकडा मन आधीच भरून घेते. उलट वाचले की ते जमत नाही. शेवटी प्रत्येक कमाल वजन दारू उत्पादकाच्या चालू पुस्तिकेशी ताडायचे. जुळले नाही आणि लेखकाचा खुलासा वेळेत आला नाही, तर ती ओळ काढा. कोष्टकात एक ओळ कमी असली तर वाचकाचे काही बिघडत नाही.

कोष्टक स्वतःच आपली चूक सांगते

गोळीची ऊर्जा दिली असेल तर ती तपासण्याचे साधे गणित आहे. ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०. उत्तर फूट-पौंडात येते. १५० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २९१० फूट, तर ऊर्जा सुमारे २८२१. कोष्टकात २८२० असेल तर ठीक, ती दहाच्या पटीत आणलेली आहे. २२८१ असेल तर टंकताना अंक इकडचे तिकडे झाले. कॅल्क्युलेटर घेऊन बसले तर पानभर कोष्टक दहा-पंधरा मिनिटांत तपासून होते.

आणखी काही खुणा पाहाव्यात. अंतर वाढले की वेग आणि ऊर्जा प्रत्येक ओळीत कमीच व्हायला हवी. मध्येच वाढलेली दिसली तर ओळ सरकली आहे. बंदुकीचा नेम २०० यार्डांवर बसवला असेल तर गोळी किती वर-खाली जाते ते दाखवणाऱ्या त्या रकान्यात शून्य हवे, १०० यार्डांवर अधिक, ३०० वर उणे. मांडणी करताना उणे चिन्ह फार वेळा गळते, आणि मग सात-आठ इंच खाली जाणारी गोळी कागदावर तेवढीच वर जाते.

बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या, नेम सरकवणाऱ्या खटक्यांचे गणितही करून पाहावे. साधारणपणे एक खटका म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. म्हणून १०० यार्डांवर दोन इंच सरकायला ८ खटके, तर ५० यार्डांवर तेवढेच सरकायला १६. लेखक हे अनेकदा उलटे लिहितात.

अपूर्णांकांचा प्रश्न फॉन्टचा असतो. शिकारीचे विक्रम नोंदवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीत शिंगांचे माप इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेतात. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९९३ मध्ये मिळालेल्या विक्रमी व्हाइटटेल हरणाचे गुण २१३ ५/८ आहेत. मधली मोकळी जागा गेली की ते '२१३५/८' होते. कुणी 'दशांश करू' म्हणून २१३.५८ केले तर तेही चूक, कारण पाच अष्टमांश म्हणजे .६२५. फायनल पीडीएफ आल्यावर फक्त अपूर्णांक शोधत एक वेगळी फेरी मारावी.

चित्रे

मांडणीकाराला माणूस पानाच्या आत पाहणारा हवा असतो, म्हणून तो छायाचित्र उलटे फिरवतो. रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मुठीचा दांडा) एकदम डाव्या बाजूला जातो. वाचक हे एका नजरेत पकडतो. पण डावखुऱ्यांसाठी खरोखरच डाव्या बोल्टच्या रायफली बनतात, त्यामुळे बोल्टवरून निकाल देऊ नये. दुर्बिणीवरची अक्षरे आणि शर्टाची बटणे पाहावीत. नेम डावा-उजवा सरकवणारी दुर्बिणीची कळ साधारणपणे उजवीकडे असते, तीही तपासावी.

उलट्या चित्रापेक्षा जास्त तक्रारी येतात त्या सुरक्षेच्या. चापावर टेकलेले बोट, सोबत्याकडे वळलेली नळी, झाडावरच्या मचाणावर पट्टा न बांधलेला माणूस. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बंदुकीच्या हरीण हंगामात भडक नारिंगी कपडे सक्तीचे असतात. अशा लेखासोबत नुसत्या हिरव्या जॅकेटमधला माणूस चालत नाही. हे सांगणारे वाचक बहुतेक वेळा नवशिक्यांना शिकवणारे असतात. त्यांचे म्हणणे मानावे आणि चित्र बदलावे.

प्राण्यांची नावे

म्यूल हरणाच्या शिंगाला फाटे दुबेळक्यासारखे फुटतात. व्हाइटटेलचे फाटे एकाच मुख्य दांड्यावरून वर येतात. चित्रओळ लिहिणाऱ्याने हे ठाऊक करून घ्यावे. युरोपातल्या लेखकाचा 'एल्क' म्हणजे अमेरिकेतला मूस, आणि अमेरिकेतला 'एल्क' म्हणजे वापिती. लेखक कुठला आहे हे पाहिल्याशिवाय हात लावू नये.

मराठी अनुवादात अडचण जास्त खोल आहे. हरणांची भरीव, दरवर्षी गळणारी शिंगे आणि काळविटाची कायमची शिंगे, दोन्हींना आपण 'शिंगे'च म्हणतो. मूळ मजकुरात दोन वेगळे शब्द असतात. तिथे वाक्य मोकळे करून 'गळणारी शिंगे' असे लिहावे, नाहीतर सांबर-चितळांची गोष्ट काळवीट-चिंकारांवर जाऊन पडते. भारतातल्या जुन्या इंग्रजी शिकारकथांमधला 'बायसन' म्हणजे आपला गवा. 'पँथर' म्हणजे बिबट्या, पण फ्लोरिडातला 'पँथर' म्हणजे प्यूमा. 'हंटिंग लेपर्ड' म्हणजे चित्ता, 'बार्किंग डियर' म्हणजे भेकर, 'माउस डियर' म्हणजे पिसोरी. बिबट्याला चित्ता करणे ही मराठीत सर्वांत जास्त दिसणारी चूक, आणि ती खरोखर जिवाला लागते, कारण त्या दोन प्राण्यांची भारतातली कहाणीच वेगळी आहे.

स्पेलचेक इथे उपयोगी पडत नाही. नळीचा मागचा भाग दाखवणारा 'ब्रीच' आणि करारभंगातला 'ब्रीच' यांची स्पेलिंगे वेगळी, पण तो दोन्ही मान्य करतो. दुर्बिणी बनवणाऱ्या ल्युपोल्ड कंपनीचे 'लिओपोल्ड' होते, आणि अल्डो लिओपोल्ड हे वन्यजीव व्यवस्थापनातले मोठे नाव त्याच मासिकात येत असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

कायदा आणि तापमान

अंक निघण्याच्या दोन-तीन महिने आधी मजकूर बंद होतो, आणि हंगामाच्या तारखा त्यानंतरही बदलू शकतात. तारखेसोबत राज्य आणि साल छापावे. वेळांमध्ये एकसारखेपणा आणू नये: हरणांसाठी अनेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्धा तास चालतो, स्थलांतरित पक्ष्यांसाठी सर्वसाधारण नियम सूर्यास्तापर्यंतचाच. बदकांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकाभर १९९१ पासून बंद आहेत. जुना लेख पुन्हा छापताना हे हमखास सुटते. अस्वलाचे मांस आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइटला शिजवावे लागते, कारण त्यात ट्रिकिनेला कृमी असू शकतात. हा आकडा १०६ छापला गेला तर वाचक आजारी पडेल.

तक्रार आली की

तक्रारींची एक वही किंवा शीट ठेवा. अंक, पान, ओळ, छापलेले नेमके शब्द, वाचकाचे म्हणणे, कशाशी ताडले, निर्णय, केलेली कृती, एवढे रकाने पुरतात. आलेल्या प्रत्येक पत्राला पोच द्या. मग वर्गवारी करा. जीवाला धोका असलेली चूक त्याच दिवशी हाताळायची: संकेतस्थळावर खुलासा, वर्गणीदारांना ईमेल, पुढच्या अंकात सुरुवातीच्या पानांवर चौकट. कायद्याच्या चुकीला दोन दिवसांपेक्षा जास्त लावू नये. प्राणी, इतिहास, माप यांच्या चुका नेहमीच्या शुद्धिपत्रात जातात. शुद्धलेखनाची डिजिटल प्रतीत दुरुस्ती पुरे.

दारूच्या वजनाचे शुद्धिपत्र लिहिताना चुकीचा आकडा पुन्हा छापू नये. लोक चौकट कापून काडतुसे भरायच्या बाकावर चिकटवतात, आणि अर्धी फाटली तर तोच आकडा उरतो. 'अमुक पानावरची तिसरी ओळ आपल्या प्रतीत खोडा' असे सांगून फक्त बरोबर आकडा द्यावा. डिजिटल प्रत गुपचूप बदलू नये. खाली तारखेसह टीप हवी. वार्षिक संकलनासाठी जुनी फाइल वापरली जाणार असेल तर तीही दुरुस्त करा, नाहीतर तीच चूक पुढच्या वर्षी पुस्तकात येते.

वाचकही चुकतो. '.२७७ ही छपाईची चूक' असे दरवर्षी कुणीतरी कळवते. उत्तरात आधार द्यावा आणि आभार मानावेत. तोच वाचक पुढच्या वेळी खरी चूक दाखवतो.

चूक सिद्ध झाली की ती कुठे शिरली ते शोधा: लेखकाच्या प्रतीत, संपादनात की मांडणीत. त्यासाठी तिन्ही टप्प्यांच्या फाइली अंक निघाल्यावर किमान वर्षभर जपाव्या लागतात. मांडणीत उणे चिन्हे गळत असतील तर शोधकाला आणखी एक वाचन सांगून उपयोग नाही, फॉन्ट बदलावा लागतो.