लेकरू सिस्टरांच्या शाळेत घालायलात? मग आधी हे वाचा

डिसेंबर-जानेवारीत फॉर्म निघाले की आमच्या कॉलनीतल्या (लातूर) दोन-चार आया मला गाठतातच आणि प्रश्न ठरलेले असतात, एक म्हणजे इंग्लिश चांगलं होतं का आणि दुसरा जरा आवाज खाली करून, तिथं लेकराला ख्रिश्चन तर नाही ना करत. माझी दोन्ही लेकरं चौथीपर्यंत सिस्टरांच्या, म्हणजे कॅथलिक संन्यासिनींच्या शाळेत होती, धाकटी यंदाच बाहेर पडली. घर माळकरी, सासूबाईंची एकादशी आजवर चुकलेली नाही. तर दोन्हीचं उत्तर देते, पण खरं सांगायचं तर लेकराचं पहिलं वर्ष अडतं ते या दोन्हीवर नाही, भलत्याच बारीक गोष्टींवर अडतं आणि त्या कोणी विचारतच नाही.

आधी शाळा खरंच कॅथलिक आहे का ते बघा. आपल्याकडं नावाला 'सेंट' लावलं की अ‍ॅडमिशनला रांग लागते, त्यामुळं बोर्डावर सेंट अमुकतमुक आणि आत फादर पण नाही सिस्टर पण नाही असं भरपूर चालतं. त्यात वाईट काही नाही, पण ज्याच्यासाठी गेलात ते तिथं मिळेलच असं नाही. आणि ख्रिश्चन शाळा म्हणजे कॅथलिकच असं पण नसतं, जालन्याचं जुनं मिशन प्रॉटेस्टंट लोकांचं, एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी तिथं बेथेल वसवलं ते त्यातलंच. कॅथलिक शाळा एक तर धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या भागाची असते (औरंगाबादचा धर्मप्रांत 1977 साली झाला) नाहीतर फादर किंवा सिस्टरांच्या एखाद्या संघाची. वैजापूर तालुक्यात घोगरगावचं कॅथलिक मिशन शंभर वर्षांच्या वर जुनं आहे. तेव्हा ऑफिसात सरळ विचारा, शाळा कोणत्या धर्मप्रांताची किंवा कोणत्या संघाची, मॅनेजर कोण. खरी असेल तर लगेच सांगतात. त्याच्यासोबत यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी नंबर पण विचारून घ्या, 11 आकडी असतो, मान्यताप्राप्त शाळेला असतोच.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून नंबर लागेल म्हणून वाट बघत बसू नका. 2014 मधे सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही असा निकाल दिलाय, त्यामुळं त्या यादीत या शाळा दिसत नाहीत. कॅथलिक लेकरं आणि आधीच शाळेत असलेल्यांची भावंडं यांना बहुतेक ठिकाणी आधी घेतात, उरलेल्या जागांत आपण. पैसे जे काय द्याल त्याची पावती घ्या. आणि वशिला शोधू नका, सिस्टरांची बदली होत असते, मे महिन्यात तुम्ही ज्यांच्याशी ओळख काढली त्या जूनमधे तिथं असतीलच असं नाही.

आता धर्माचं. सकाळी असेंब्लीत प्रार्थना असते, 'आमच्या बापा' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणतात, बऱ्याच ठिकाणी संविधानाची प्रास्ताविका पण म्हणतात. 2024 मधे देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना सूचना दिल्या, त्यात असेंब्लीत प्रास्ताविका म्हणा आणि दुसऱ्या धर्माच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका असं स्पष्ट आहे. नुसत्या सूचनाच नाहीत, संविधानाचं कलम 28(3) आहे, मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला लेकराला बसवायचं तर पालकांची संमती लागते. टाइमटेबलात एक तास असतो, त्याला कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला. आमच्या वर्गात कॅथलिक लेकरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी होती. भीती वाटत असली तर मूल्यशिक्षणाचं पुस्तक घरी आणून वाचा, मी वाचलं, खरं बोल, पाणी वाया घालू नको, आजीला मदत कर, हेच.

सासूबाईंना मात्र पटत नव्हतं. मोठा जूनमधे शाळेत गेला आणि जुलैत ताटावर बसून डोळे मिटून हात जोडायला लागला, तर त्या म्हणाल्या, "अगं, लेकरू हे काय करायलंय?" मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच त्याला विचारलं, कोणाचे आभार मानलेस रे. तो म्हणाला, जेवण देणाऱ्याचे, आणि डबा केला म्हणून मम्मीचे. त्या दिवसापासून आजी आपला श्लोक म्हणते आणि नातू आपली प्रार्थना, वरण तेवढं थंड होतं.

जिथं गडबड झाली ते सांगते, कारण हे कोणीच आधी सांगत नाही. शाळेचे जे संरक्षक संत असतात त्यांच्या सणाला नाहीतर नाताळच्या आधी शाळेत मिस्सा असते, म्हणजे फादर येऊन उपासना करतात. मोठा पहिलीत असताना त्या दिवशी रडत घरी आला, "मम्मी, सगळ्यांना प्रसाद दिला आणि मला नाही दिला." माझं डोकंच सरकलं, आमचं लेकरू काय वेगळं आहे का, दुसऱ्या दिवशी तणतणत गेले. सिस्टरांनी बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ताई, तो आपल्यासारखा प्रसाद नव्हे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणं ते ख्रिस्ताचं शरीर असतं, म्हणून ज्याचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती व्हायचा पाण्याचा विधी) झालाय आणि ज्यानं रीतसर पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलाय त्यालाच देतात. कॅथलिक मुलांना पण तो साधारण सात-आठ वर्षांचे झाल्यावर, आधी शिकवणी झाल्यावरच मिळतो, म्हणजे पहिलीतल्या त्यांच्या लेकरांना पण मिळालेला नव्हता, मिळालेला मोठ्या वर्गातल्यांना. आपल्याकडं देवळात कोणीही गेलं तरी हातावर प्रसाद ठेवतात, आपण त्याच हिशोबानं बघतो. तेव्हा मिस्सेच्या आदल्या रात्रीच लेकराला सांगून ठेवा की ते घ्यायचं नसतं, जागेवर शांत बसायचं, आणि ओळीत जायची वेळ आलीच तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, फादर आशीर्वाद देतात. एवढं सांगितलं असतं तर माझी एक रजा वाचली असती. आणि मिस्सेला पाठवायचंच नसेल तर डायरीत तसं लिहून द्या, आमच्या वर्गातल्या दोन घरांनी दिलं होतं, कोणी काही म्हणालं नाही.

दुसरी गडबड वाढदिवसाची. मी हौसेनं चाळीस गिफ्ट पॅक करून पाठवले, आत पेन्सिलबॉक्स आणि चॉकलेट, संध्याकाळी सगळे तसेच परत आले आणि डायरीत एक ओळ, वाटायचं काही पाठवू नये. तेव्हा राग आला, पण पोरगं म्हणालं की एकाच्या वाढदिवसाला त्याच्या घरून काहीच येत नाही म्हणून टीचर कोणाकडूनच घेत नाहीत. ते एक म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं लेकरू होतं, दिवाळी झाली की आईबाप कारखान्यावर, लेकरू बोर्डिंगमधे. तर द्यायचंच असलं तर लायब्ररीला एक पुस्तक द्या, मराठी दिलं तरी चालतं.

सिस्टरांना टीचर्स डेला साडी, भांडं असलं काही देऊ नका, त्यांनी गरिबीचं व्रत घेतलेलं असतं, स्वतःचं म्हणून काही ठेवत नाहीत, आलेलं सगळं संघात जातं, तुम्ही आपलं उगाच ब्लाउजपीसचा रंग जुळवत बसता. हाक 'सिस्टर' आणि 'फादर', एवढंच. आमच्या शेजारचे 'फादरसाहेब' म्हणायचे, फादरच हसायचे. नमस्कार म्हणा नाहीतर गुड मॉर्निंग म्हणा, समोरून 'जय ख्रिस्त' आलं तर दचकू नका, आपण राम राम म्हणतो तसंच आहे ते. इंग्लिश येत नसेल तर मराठीतच बोला. सिस्टर केरळच्या असल्या तरी मराठी शिकलेल्या असतात, आणि वसईच्या असल्या तर त्यांची मराठी आपल्याहून वेगळी निघते, आमच्या सिस्टरांना 'लेकरू' शब्द लई आवडायचा. इंग्लिशचं एका वाक्यात, शाळेत बोलायला लागतात म्हणून होतं, ट्यूशन लावू नका. मराठीची पण काळजी नको, 2020 च्या कायद्यानं सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लेकरू एकदम म्हणेल मी चॉकलेट खात नाही. घाबरू नका, त्यांचा उपवासकाळ लागलेला असतो, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून 40 दिवस. त्यात मुलांना एखादी आवडती गोष्ट सोडायला सांगतात आणि वाचलेले पैसे वर्गातल्या डब्यात टाकायला. सक्ती नसते. इथं पालकांची एक चूक हमखास होते, आपणच पन्नासची नोट देऊन टाकतो. तसं नका करू, कुरकुऱ्याचे पाच रुपये वाचले तर तेच पाच रुपये जाऊ द्या, त्याच्याशिवाय लेकराला काय कळणार. 2025 ला तर रमजान आणि हा उपवासकाळ मार्चमधे सोबतच आले होते, महाशिवरात्र त्याच्या आधीच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत कोण काय खात नाही याच्यावरच गप्पा.

सुट्ट्यांचं पण बघून ठेवा. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, तेव्हा लेकरू पाठवा, घरी ठेवू नका. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला लातूर, धाराशिवकडं सगळेच शेतात, पण ती अमावस्या काही वर्षी नाताळच्या सुट्टीला लागून येते आणि नाटकाची प्रॅक्टिस नेमकी तेव्हाच असते. आमचा गोठ्यातल्या सीनमधे मेंढरू होता, डायलॉग शून्य, तरी प्रॅक्टिस चुकली म्हणून रडला. आधीच टीचरला सांगा, त्यांना येळवस ठाऊक असते, आम्ही येळवशीच्या भज्जीचा (मिक्स भाजीचा) डबा दिला तर स्टाफरूमनं संपवला.

तक्रार असली तर आधी डायरी, मग क्लास टीचर, मग हेडमिस्ट्रेस, त्याच्यावर मॅनेजर, या शाळांत मॅनेजर हे वेगळं पद असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पालकांच्या ग्रुपवर आधी टाकू नका. फीबद्दल बोलायचं तर पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) कार्यकारी समितीला नाव द्या, इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवड होते, माझा नंबर एकदा लागला होता. फक्त एका गोष्टीत ही शिडी चढत बसायची नाही. लेकराला कोणी मारलं, चुकीचा हात लावला, तर तो माणूस झग्यात असो, साडीत असो नाहीतर व्हॅनच्या ड्रायव्हर सीटवर, पोलिसांत जायचं, 1098 ला, लेकरांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. शाळा चांगली आहे, माणसं देवाधर्माची आहेत, म्हणून गप्प राहायचं नाही. चांगल्या शाळेला ते आवडतंच.

शेवटची गोष्ट घरची. आमच्या शाळेत सुटायच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटून बसवायचे, आज कोणाला दुखावलं, कोणाला मदत केली ते आठवायचं. मी दोन वर्षं लेकरं घरी आली की पहिलं विचारायचे, टेस्टला किती पडले. मग एकदा धाकटीच म्हणाली, मम्मी, टीचर ते नाही विचारत. तेव्हापासून झोपताना तेच दोन प्रश्न मी विचारते, आणि मला पण उत्तर द्यावं लागतं, हे आधी ध्यानात आलं नव्हतं. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडले तर ते सांगावं लागतं. पहिल्या आठवड्यात धाकटीनं सांगितलं, खोडरबर अर्धं करून शेजारच्याला दिलं. मी शाबास म्हणून बसले. आता तिच्या पाऊचमधे पूर्ण खोडरबर कधीच सापडत नाही, मी डझनानं आणून ठेवते.