नवं जनावर दावणीला बांधण्याआधी

बाजारातून आणलेलं जनावर तरतरीत दिसलं तरी कळपात सोडू नका. लाळ्या-खुरकुताची लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात. तोंडात फोड येण्याआधीच विषाणू लाळेतून, दुधातून, श्वासातून बाहेर पडू लागतो. किमान 21 दिवस, जमल्यास महिनाभर, वेगळं बांधा. बादली, दोर, खराटा स्वतंत्र. ताप रोज मोजा, 39.5 अंश सेल्सिअसच्या वर टिकला तर पशुवैद्यकांना बोलवा.

एवढं करूनही रोग आत येतो तो बहुधा माणसाच्या पायांनी आणि हातांनी. आधी वासरं, मग कळप, नवं जनावर सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडायचा नाही. परतताना बूट-कपडे बदला, हात साबणाने धुवा.

दाराशी पाय बुडवायला उथळ घमेलं ठेवा: 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा. खड्यांचा असेल तर सुमारे 1 किलो घ्या, त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. खाण्याचा सोडा चालणार नाही, तो पुरेसा अल्कधर्मी नसतो. शेणाने माखलेला बूट तसाच बुडवणं म्हणजे निव्वळ समाधान. आधी ब्रशने घासून धुवा. पाणी गढूळ झालं की बदला.

लम्पीसाठी मात्र या घमेल्यावर विसंबू नका. तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या-डासांमार्फत पसरतो, तिथे वेळेवर लस आणि कीटकांचा बंदोबस्तच हवा.