पावसाळ्यापूर्वी कुंडीतील ग्राउंड ऑर्किडची तयारी

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागते आणि मृग 7-8 जूनला. या दोन आठवड्यांत ग्राउंड ऑर्किडच्या, म्हणजे झाडावर न वाढता मातीत वाढणाऱ्या ऑर्किडच्या, कुंड्या भरून, विभागून आणि जागेवर लावून झाल्या पाहिजेत, कारण पाऊस एकदा धरला की ओल्या कंदाला हात लावणे म्हणजे कुजीला आमंत्रण देणे होय. नर्सरीत या नावाने बहुतेक वेळा ‘स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा’ ही जात किंवा तिचे पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या फुलांचे संकर मिळतात. चुण्या पडलेली लांब पाने, नारळाच्या कोवळ्या रोपासारखा एकूण तोंडवळा आणि जमिनीलगत कंदांचा पुंजका, यांवरून ती सहज ओळखता येते. कोकण, गोवा आणि मुंबई परिसरात ती उघड्यावर बारमाही वाढते. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात तिची वाढ मंदावते, परंतु रोप टिकते. हवाई आणि पोर्टो रिको येथे ही जात बागांतून निसटून रानात पसरली आहे, यावरून तिच्या काटकपणाची कल्पना यावी.

खरेदीपूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इंटरनेटवर ‘थंडी सोसणारे ग्राउंड ऑर्किड’ म्हणून ज्याची छायाचित्रे दिसतात ते बहुधा ‘ब्लेटिला स्ट्रायटा’ असते. ते मूळचे चीन, जपान आणि कोरियाचे असून हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते. इंग्लंडसारख्या देशात राहणाऱ्यांनी ते कुंडीत जरूर लावावे, मात्र कुंडीतील माती आरपार गोठणार नाही अशा आडोशाला ठेवावे. किनारपट्टीच्या उष्ण हवेत त्याला हवी ती थंडी मिळत नाही आणि ते खुरटत जाते, म्हणून कोकणातील वाचकांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

तसेच कास, आंबोली किंवा घाटमाथ्यावरील सड्यांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या आमरी (रानातील ऑर्किड) उपटून आणू नयेत. वनक्षेत्रातून रोपे काढणे हा गुन्हा आहेच, पण ती जगतही नाहीत. हबेनारिया गटातील आमरीचा जुना कंद दरवर्षी संपतो आणि पुढच्या वर्षाचा नवा कंद पावसाळाभर भरत असतो. फुलावर असताना रोप उपटले, तर तो कंद अर्धवटच राहतो. शिवाय या आमरींचे जगणे त्या जागेच्या मातीतील विशिष्ट बुरशीशी जोडलेले असते आणि ती बुरशी आपल्या कुंडीत आपोआप येत नाही.

आता कुंडी भरण्याविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक रोपे इथेच हातची जातात. झाडावर वाढणाऱ्या डेंड्रोबियम किंवा व्हँडासाठी वापरतात तसा नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे या ऑर्किडला पुरत नाहीत. त्याची मुळे मातीत पसरणारी असल्याने ती उन्हाळ्यात कोरडी पडतात. उलट शेतातील काळी माती कुंडीत भरली, तर पावसात तिचा चिखल होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून धुतलेले कोकोपीट किंवा नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे दोन भाग, चाळलेले पालापाचोळ्याचे खत एक भाग आणि जाड वाळू किंवा विटांची खडी एक भाग, असे मिश्रण करावे. कोकणात विटांच्या खडीऐवजी जांभ्याचे बारीक तुकडे चालतात. शेणखत घालायचेच असेल तर पूर्ण कुजलेले आणि मूठभरच घालावे. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी ही मुळे खाणारी अळीही कुंडीत येते. नर्सरीतून आणलेले रोप ज्या घट्ट लाल मातीच्या गोळ्यात असते, तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवू नये, पाण्यात भिजवून हळूहळू मोकळा करावा.

कुंडी 20 ते 25 सेंटिमीटर तोंडाची पुरते. फार मोठी घेतल्यास मुळे पोहोचत नाहीत त्या भागात ओल साचून राहते. तळाला चार-पाच मोकळी भोके असावीत आणि कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी. भरून झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी वर तळे करून न राहता लगेच जिरले आणि थोड्याच वेळात खालून वाहू लागले, तर मिश्रण योग्य आहे. तसे न झाल्यास वाळूचे प्रमाण वाढवून कुंडी पुन्हा भरावी. कंद तळाकडून एक तृतीयांश इतकाच मातीत असावा आणि पानांचा जोड उघडा राहावा. जोड पुरला गेला की आषाढात तो सडतो, हा या पिकातील सर्वांत सामान्य दोष आहे.

जुना पुंजका विभागताना प्रत्येक भागात तीन-चार कंद आणि किमान एक नवा कोंब येईल असे पाहावे. सुरी प्रत्येक पुंजक्यानंतर ज्योतीवर धरून घ्यावी, कारण विषाणुजन्य रोग अवजारांवाटेही पसरतात. कापलेल्या जागी कोळशाची बारीक पूड लावून रोप एक दिवस सावलीत ठेवावे आणि मगच लावावे. पाने झडलेले जुने कंद टाकून देऊ नयेत. ओलसर कोकोपीटमध्ये आडवे ठेवल्यास त्यांतील काहींना कोंब फुटतात.

जागा सकाळचे तीन-चार तास ऊन मिळणारी असावी. दाट सावलीत पाने तजेलदार दिसतात, पण फुले येत नाहीत.

पावसाची झड लागली की पाणी पूर्ण बंद करावे, आणि कोकणात, जिथे चार महिन्यांत सर्वसाधारणपणे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे कुंड्या पत्र्याच्या पन्हळीखाली येणार नाहीत याची काळजी घ्यावी. आठवड्यातून एकदा कंद बोटांनी दाबून पाहावा. निरोगी कंद कडक लागतो. कुजलेला बोटाखाली बसतो, त्यातून पाणी सुटते आणि घाण वास येतो. असा कंद पांढरा, स्वच्छ भाग लागेपर्यंत कापून काढावा. बुंध्याशी पांढरी जाळी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर तो स्क्लेरोशियम बुरशीचा प्रादुर्भाव समजून ते रोप मातीसह काढून टाकावे आणि ती माती कंपोस्टमध्ये टाकू नये. लागवडीच्या वेळी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून आळवणी केल्यास (ते पाणी मुळांशी ओतल्यास) अशा बुरशींना काही प्रमाणात आळा बसतो.

शंखी गोगलगायी कोवळे कोंब आणि कळ्या रात्रीत फस्त करतात. त्या अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात; घरात कुत्रे-मांजर असल्यास गोगलगायी मारण्याच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरू नयेत, त्या त्यांना विषारी असतात. फुलांच्या दांड्यावर मुंग्या दिसल्या म्हणून लगेच फवारणी करण्याचे कारण नाही, कारण दांड्यावर पाझरणाऱ्या गोड रसासाठी त्या येतात. मात्र पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे आणि आढळल्यास ओल्या कापडाने पुसून 5 टक्के निंबोळी अर्क उघडिपीत फवारावा.

नवी पाने फुटू लागल्यावर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत 1 ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात दर पंधरा दिवसांनी, पावसाची उघडीप पाहून द्यावे. एकाच दांड्यावर फुले खालून वर क्रमाने उमलत राहतात, त्यामुळे तो हिरवा असेपर्यंत कापू नये. या जातीत स्वपरागीभवन होऊन शेंगा लवकर धरतात. त्या खुडून टाकल्यास रोपाची शक्ती बियांत खर्च होत नाही.

हस्ताचा पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की पाणी पुन्हा सुरू करावे: वरची बोटभर माती सुकली की सकाळी एकदा. डिसेंबर-जानेवारीत घाटावर हे अंतर वाढवून पाच-सहा दिवसांवर न्यावे आणि या काळात खत देऊ नये.