सुट्टीतले धनुर्विद्येचे अनुभव-सत्र कसे घ्यावे: आधी डोळा, मग धनुष्य

मे महिन्याच्या सुट्टीत आमचा हौशी धनुर्धरांचा गट सगळे सामान टेम्पोत घालून आसपासच्या एखाद्या गावी जातो आणि तिथल्या शाळेच्या मैदानावर, ज्यांनी जन्मात धनुष्य धरलेले नाही अशांना सकाळभर बाण मारू देतो. अशा सत्रांसाठी जे सल्ले मिळतात ते बहुतेक मंडप, बॅनर आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्च्या यांविषयी असतात. त्यांतला एकही सल्ला बाण बटवर, म्हणजे बाण ज्यात रुततात त्या जाड गादीवर, लागण्याच्या कामी येत नाही.

सत्र सकाळी सातला सुरू करून दहाला आवरावे. बटच्या मागे टेकडी, उंच बांध किंवा लांबवर रिकामे शेत असावे. मागून पायवाट जात असेल तर तिथे माणूस उभा करण्याऐवजी मैदानच बदलावे. अंतर 10 मीटर पुरे आणि लक्ष्याचा कागद 122 सेंटिमीटरचा, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये 70 मीटरवर असतो तोच, लावावा. पहिल्याच फेरीत बाण कागदात रुतला नाही, तर माणूस पुन्हा रांगेत उभा राहत नाही.

धनुष्ये 14 ते 18 पौंड ताणाची, लाकडी, सुटी होणारी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेली, घ्यावीत. धनुष्यावर छापलेला आकडा दोरी 28 इंच ओढल्यावरचा असतो, त्यामुळे लहान हाताच्या मुलाला त्याहून हलका ताण येतो आणि वेगळे धनुष्य शोधावे लागत नाही. बाण मात्र सर्वांना लांबच द्यावेत, कारण आखूड बाण ओढताना धनुष्यावरच्या टेकूवरून मागे घसरला तर थेट हातावर येतो. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाल्यापासून पालक ‘ते चाकांचे धनुष्य’ मागतात. ते देऊ नये. कंपाउंड धनुष्य एकाच माणसाच्या ओढीच्या लांबीला जुळवलेले असते, आणि नवख्याने बाण न लावता दोरी सोडली तर ते मोडून इजा होऊ शकते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजवे धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरून उजव्या हाताने दोरी ओढायचे, द्यावे, हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो आणि मीही दोन उन्हाळे तो मुकाट्याने पाळला. एका सत्रात बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीचे सहाही बाण बटच्या डावीकडे मातीत गेले. मी तिची पावले फिरवली, खांदा खाली दाबला आणि शेवटी ‘थोडा उजवीकडे नेम धर’ असे सांगितले. सातवा बाण लागला आणि आपण शिकवले असे मला वाटले. आमच्यातले एक जुने सभासद तिच्या बाणांकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहत होते. ती मान वाकडी करून डावा डोळा दोरीमागे आणू पाहत होती. तिचा बलवान डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्यावर भर देतो तो, डावा होता, बाणाचे मागचे टोक मात्र उजव्या डोळ्याखाली होते. डावा डोळा आणि बाणाचे अग्र लक्ष्याच्या मध्याच्या रेषेत आले की बाण उजवीकडून निघून डावीकडे जाणारच. माझ्या सूचनेने चूक सुधारली नव्हती, फक्त झाकली गेली होती.

म्हणून धनुष्य देण्याआधी प्रत्येकाचा डोळा तपासावा. दोन्ही हात समोर ताठ करून अंगठे व बोटे यांचा लहानसा त्रिकोण करायला सांगावा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून तुमचे नाक पाहायला सांगावे आणि तुम्ही समोर तीन-चार पावलांवर उभे राहावे. त्रिकोणात तुम्हाला त्याचा जो डोळा दिसेल तो बलवान. ‘कुठला डोळा दिसतोय?’ असे त्यालाच विचारू नये. लोक नकळत एक डोळा मिटतात आणि हवे ते उत्तर देतात. कोणता डोळा सहज मिटता येतो यावरून ठरवणे तर साफ निरुपयोगी आहे. तपासणी तीनदा करावी. दर वेळी निराळा डोळा आला, जसे लहान मुलांत होते, तरच हाताप्रमाणे धनुष्य द्यावे. उजवा हात आणि डावा डोळा असलेल्याला मी ठामपणे डावे धनुष्य देतो, म्हणजे धनुष्य उजव्या हातात आणि दोरी डाव्या हाताने. पहिली दहा मिनिटे त्याला अवघडल्यासारखे होते, पण नवख्याला दोन्ही बाजू सारख्याच अनोळखी असतात. एखादे काका अगदीच ऐकत नसतील तर त्यांना त्या सकाळपुरता डावा डोळा मिटू द्यावा. वाद घालत बसल्यास मागची रांग उन्हात तापते. पूर्वी आमच्याकडे एकच डावे धनुष्य होते, आता बारांत चार आहेत आणि त्यांना लाल चिकटपट्टी लावलेली असते.

दुसरे दुखणे कोपराचे. धनुष्याच्या हाताचा कोपर खाली वळलेला राहिला की दोरी हाताच्या आतल्या बाजूवर फटका देते, आणि आर्मगार्ड, म्हणजे हाताला बांधायची संरक्षक पट्टी, असला तरी फटका नेमका पट्टीच्या वरच्या बाजूला, कोपराजवळ बसतो. भिंतीला तळवा टेकवून, तळवा न हलवता कोपर बाहेर फिरवण्याचा सराव रांगेतच करून घ्यावा.

शिट्ट्या स्पर्धेतल्याच ठेवाव्यात: दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे बाण सोडा, तीन म्हणजे बाण आणायला चला, पाच किंवा अधिक म्हणजे सगळे तत्काळ थांबा. बटकडे चालतच जावे. बाण उपटणाऱ्याच्या मागे कोणीही उभे राहू नये, कारण बाण सुटताना त्याचे मागचे टोक जोरात मागे येते.

शेवटी बाण मोजावेत. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताखाली बाण आडवा सरकतो आणि पूर्ण दिसेनासा होतो. तो शोधताना दाताळे बाणाच्या दिशेने न ओढता आडवे ओढावे. आम्ही नेलेले छत्तीसच्या छत्तीस बाण भात्यांत परत आल्याशिवाय टेम्पो हलत नाही, कारण त्याच मैदानावर संध्याकाळी मुले अनवाणी क्रिकेट खेळतात.