घरी पाहुणे येणार आणि कुत्राही आहे? या चुका टाळा

पाहुणे आले की कुत्र्यानं त्यांना भेटलंच पाहिजे, असं आपण धरून चालतो. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. काही कुत्र्यांना माणसं मनापासून आवडतात, काही निमूटपणे चालवून घेतात, काहींना अनोळखी माणसाची भीतीच वाटते. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना निरनिराळी माणसं त्याच्या अनुभवात आली नसतील, तर मोठेपणी नवा चेहरा त्याला धोक्याचा वाटू शकतो. म्हणून तो वाईट कुत्रा ठरत नाही. पाहुणे आले, गप्पा झाल्या, जेवणं झाली आणि कुणीही कुत्र्याला हात न लावता घरी गेलं, तर ती भेट उत्तम पार पडली असं मी म्हणेन. पाहुण्यांचं स्वागत करणं ही आपली जबाबदारी आहे, कुत्र्याची नाही.

बेल वाजल्यावर तयारीला लागणं

बेल वाजून कुत्रा दारात पोचला की त्या अवस्थेत त्याला तुमचं काही ऐकू जात नाही. ‘बस’, ‘गप’, ‘मागे हो’ असं आपण ओरडत राहतो, आणि त्याला एवढंच कळतं की घरातलेही घाबरलेत किंवा भुंकण्यात सामील झालेत. तयारी त्याआधी व्हायला हवी.

पाहुण्यांच्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच कुत्र्याला त्याच्या खोलीत, क्रेटमध्ये (त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात) किंवा जाळीच्या फाटकामागे न्या. सोबत चघळायला किंवा चाटायला काहीतरी द्या. चघळण्या-चाटण्यानं कुत्री खरोखर शांत होतात. पण ही खोली पाहुण्यांच्याच दिवशी पहिल्यांदा वापरली, तीही भुंकल्यावर ओढत नेऊन, तर ती त्याच्यासाठी शिक्षा होते आणि मग तो दार ओरबाडत बसतो. एरवीच्या दिवशी, घरात फक्त आपली माणसं असताना, आधी पाच मिनिटं, मग हळूहळू जास्त वेळ, असा सराव करून ठेवा. काही कुत्र्यांना बंद दार सहनच होत नाही. लाळ गळते, धाप लागते, दाराशी झटून नखं तुटतात. अशा कुत्र्याला कोंडू नका. त्याला पट्ट्यात ठेवून घरातलं एक माणूस त्याच्याजवळ बसू दे, किंवा माणसं दिसतील असं फाटक लावा.

बेलच्या आवाजावरही काम करता येतं. आपल्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि अगदी बारीक आवाजात लावा. आवाज झाला की लगेच त्याच्या चटईवर खाऊ टाका. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बेल, मग खाऊ. हे उलटं झालं तर खाऊ दिसला की आता बेल वाजणार, असं तो शिकतो. काही दिवसांत आवाज थोडा थोडा वाढवा. तो भुंकला, तर आवाज फार लवकर वाढवला असं समजून एक पायरी खाली या. मग घरातल्याच कुणाला बाहेर जाऊन खरी बेल वाजवायला सांगा. एवढा वेळ नसेल तर पाहुण्यांना सांगून ठेवा, बेल वाजवू नका, खाली आलात की फोन करा. यात कमीपणा काही नाही.

त्या दिवशी फिरायला नेतानाही एक चूक होते. ‘दमवून आणतो’ म्हणून अर्धा तास चेंडू फेकला जातो, आणि कुत्रा दमण्याऐवजी चेकाळलेला घरी येतो. त्यापेक्षा सैल पट्ट्यावर रमतगमत, त्याला हवं तिथे थांबून हुंगू देत आणलेली फेरी जास्त कामाची.

दार उघडं, कुत्रा बाहेर

पाहुणे सामान घेऊन आत येतात, मागचा माणूस दार धरून उभा राहतो आणि त्या फटीतून कुत्रा निसटतो. दार उघडण्याआधी कुत्रा फाटकामागे किंवा पट्ट्यात असलाच पाहिजे. गळपट्ट्यावर चालू फोन नंबर असू द्या. पाहुण्यांची मुलं आत-बाहेर करणार असतील, तर दारावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा.

अंगावर उड्या मारल्या की ढकलणं

कुत्रा उडी मारतो कारण त्याला तुमच्या चेहऱ्यापर्यंत पोचायचं असतं. आपण हातांनी ढकललं की त्याला तो खेळ वाटतो, ओरडलो की आपलं लक्ष त्याच्याकडे गेलेलं असतं. म्हणजे दोन्हीकडून त्याला हवं तेच मिळतं. छातीत गुडघा मारण्याचा जुना सल्ला तर विसराच. त्यानं इजा होते, आणि पाहुणे आले की दुखतं एवढंच तो शिकतो.

चारही पाय जमिनीवर असतील तरच लक्ष, हा नियम चालतो. पाहुणे आत येत असतानाच खाऊचे दोन-तीन तुकडे जमिनीवर टाका. तोंड खाली असताना उडी मारता येत नाही. उडी मारलीच तर पाहुण्यांनी नुसतं तोंड फिरवून उभं राहावं.

खरी अडचण पाहुण्यांचीच असते. ‘असू दे हो, मला चालतं’ म्हणत कुणीतरी त्याला कुरवाळतं, आणि आठवडाभराचा सराव पाण्यात जातो. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. कुत्र्याला पट्टा लावा आणि उडी पोचणार नाही एवढ्या अंतरावर उभे राहा.

घाबरणाऱ्या कुत्र्याला पाहुण्यांच्या हातून खाऊ

ही चूक सगळ्यांत प्रेमानं केली जाते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. कुत्रा बुजरा आहे, पाहुणा तळहातावर बिस्किट ठेवून वाकतो आणि ‘ये, ये’ म्हणतो. त्या क्षणी कुत्र्याच्या पायांकडे बघा. मागचे पाय जिथल्या तिथे रुतलेले असतात, मान मात्र ताणून पुढे आलेली असते. वास त्याला ओढत असतो आणि भीती मागे खेचत असते. तो बिस्किट उचलतो, आणि बिस्किट संपताच त्याच्या लक्षात येतं की आपण एका परक्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात आलोय. नेमकं तेव्हाच पाहुणा खूश होऊन डोक्यावर हात ठेवायला जातो. ‘बिस्किट घेतलं आणि अचानक अंगावर आला’ ही तक्रार अशीच घडते. त्यात अचानक काही नसतं.

त्याऐवजी पाहुण्यांना खाऊ कुत्र्याच्या मागे फेकायला सांगा. तो वळून दूर जातो, खातो, आणि वाटलं तर थोडा पुढे येऊन थांबतो. पुन्हा मागे फेका. दर वेळी त्याला दोन गोष्टी मिळतात, खाऊ आणि सुटकेचं अंतर. तो आपल्या मनानं जितका जवळ येईल तितकाच खरा. पाहुण्यांनी एका बाजूला वळून बसावं, डोळ्यांत रोखून बघू नये, अंगावर वाकू नये. ‘वास घेऊ दे’ म्हणून नाकासमोर हात धरण्याचीही गरज नाही. त्याचं नाक तो आहे तिथूनच काम करतं.

तो जवळ येऊन हुंगू लागला, तर ती चौकशी आहे. त्याचा अर्थ ‘मला हात लावा’ असा नाही. तो आपणहून टेकला, रेंगाळला, तर छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. त्यानं नाकानं हात ढोसला किंवा आणखी टेकला तर पुढे चालू ठेवा. अंग झटकून बाजूला झाला तर विषय संपला.

शेपूट हलतेय म्हणजे खूश, हा समजही इथेच महागात पडतो. ताठ, उंच धरलेली आणि भराभर थरथरणारी शेपूट ही तणावाची खूण असू शकते. अंग सैल असून कंबरेपासून सगळंच डोलत असेल तर ती मैत्री. झोप आलेली नसताना जांभया, ओठांवरून किंवा नाकावरून पुन्हा पुन्हा फिरणारी जीभ, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत बघणं, पुढचा एक पाय उचलून थांबणं, उकाडा नसताना लागलेली धाप, ही सगळी ‘मला पुरे झालं’ असं सांगायची भाषा. तोंड बंद करून तो जागच्या जागी थिजला, तर लगेच मध्ये पडा.

एक गैरसमज अजून टिकून आहे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर तो आणखी घाबरट होतो, म्हणे. तसं होत नाही. भीती ही भावना आहे, धीर दिल्यानं ती वाढत नाही. तो तुमच्या पायांशी येऊन बसला तर बसू द्या, हळू बोला, हवा असेल तर हात ठेवा.

गुरगुरल्याबद्दल शिक्षा

पाहुण्यांसमोर कुत्रा गुरगुरला की लाज वाटते आणि आपण त्याला दटावतो. पण गुरगुरणं हा इशारा आहे, आणि त्यानं तो दिला हे चांगलंच झालं. दटावून फक्त आवाज बंद होतो, आतली अस्वस्थता तशीच राहते. पुढच्या वेळी तो इशारा न देता दात लावू शकतो.

तो गुरगुरला तर पाहुण्यांना आहेत तिथेच थांबायला, नजर वळवायला सांगा. कुत्र्याला आनंदी आवाजात आपल्याकडे बोलवा आणि त्याच्या खोलीत नेऊन चघळायला द्या. मग शांतपणे आठवा, नक्की काय चाललं होतं? तोंडात हाड होतं का, सोफ्यावरून उठवत होतं का कुणी, टेबलाखाली कोपऱ्यात तो अडकला होता का? कारण बहुधा सापडतं.

लहान मुलं

हातात फोन धरून समोर बसणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. मुलं गळ्यात पडतात, तोंडाजवळ तोंड नेतात, किंचाळत पळतात, आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या अंगात असतं. तुमच्या कुत्र्याला मुलांची सवय नसेल तर गर्दीच्या दिवशी प्रयोग करू नका. दोघांच्या मध्ये फाटक असू द्या. रांगणारं बाळ असेल तर फाटक हवंच, कुत्रा कितीही शांत असला तरी.

ताटातलं थोडंसं

पाहुण्यांना कुत्र्याला भरवायचं असतंच. त्याच्याच रोजच्या खाण्यातले थोडे दाणे वाटीत काढून ठेवा आणि एवढंच द्या म्हणून सांगा. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्यांना विषारी असतं, ते त्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, आणि गडद चॉकलेटमध्ये ते जास्त असतं. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंड निकामी करू शकतात. कांदा-लसणानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेलेही चालत नाहीत. शिजवलेली हाडं तुकडे होऊन घशात किंवा आतड्यात रुततात. साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल हे गोडीसाठी घातलेलं द्रव्य तर अगदी थोडंही घातक असतं. अर्ध्या तासातच रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून पाहुण्यांच्या पिशव्या आणि पर्स जमिनीवर ठेवू नका, त्यात च्युइंगमबरोबर औषधंही असतात. काही खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यांना फोन करा. मीठ पाजून उलटी करवण्याचा उपाय घरी करू नका, त्यानं उलट विषबाधा होऊ शकते.

उठताना, निघताना, मुक्कामाला

तासभर टेबलाखाली शांत पडलेला कुत्रा पाहुणे उठले की एकदम भुंकतो, कधी पोटरीकडे झेपावतोही. त्याच्या दृष्टीनं बसलेला माणूस आणि अचानक उभा राहिलेला माणूस या वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्यांना सांगून ठेवा, उठण्याआधी एक शब्द टाका. तेवढ्यात कुत्र्याला जवळ बोलवून खाऊ द्या, मग त्यांना उठू दे. मुक्कामाचे पाहुणे असतील तर रात्री कुत्रा तुमच्या खोलीत, दार बंद करून ठेवा. अंधारात बाथरूमकडे जाणारा परका माणूस आणि अर्धवट झोपेतला कुत्रा यांची गाठ पडायला नको.

दात लागलेच तर

जखम लहान असली तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी हे टाळू नका, त्याची लसीची नोंद सोबत न्या. कुत्र्याला मारू नका, खोलीत ठेवा.

एरवी माणसांत रमणारा कुत्रा हल्ली पाहुण्यांवर चिडू लागला असेल, तर शिकवणी लावण्याआधी पशुवैद्यांकडून तपासून घ्या. दुखणारा कान, किडलेला दात, वयानं धरलेले सांधे, कमी झालेली नजर, यांमुळे स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. तब्येत ठीक निघाली तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या प्रशिक्षकाकडे जा. पहिल्या भेटीतच सगळं ठीक करून देतो म्हणणारा, किंवा शॉकचा पट्टा पुढे करणारा प्रशिक्षक नको. कुत्रा नीट होईपर्यंत पाहुण्यांच्या वेळी त्याला त्याच्या खोलीत ठेवा आणि पाहुण्यांना सरळ सांगा, ‘तो आज बाहेर येणार नाही.’